'कम्प्लेझन्ट' म्हणजे कौतुक की टोमणा?

डिस्पॅचवाला
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघतो. मागच्या आठवड्यात परदेशी ग्राहकाचं ऑडिट झालं. आलेले गृहस्थ इंग्लंडचे, साठीच्या घरातले, बोलायला एकदम मऊ. एनसी, म्हणजे नियमांत न बसणाऱ्या त्रुटी, फारशा निघाल्या नाहीत. काल अहवाल आला, त्यात आमच्या खात्यासमोर एक ओळ आहे. देवनागरीत लिहितो: 'द टीम इज अनफेलिंगली कम्प्लेझन्ट, परहॅप्स टू मच सो ऑन डेट्स.' म्हणजे टीम कायम 'कम्प्लेझन्ट', माल देण्याच्या तारखांबाबत कदाचित जरा जास्तच.

या एका शब्दावरून कारखान्यात तट पडलेत. क्वालिटीवाला म्हणतो, टायपिंगची चूक आहे, त्यांना 'कम्प्लायन्ट' म्हणायचंय, आपण नियमांत बसतो. प्लँट हेड म्हणतात 'कम्प्लेसन्ट' आहे, आपण सुस्तावलोय. त्यांनी लगेच सकाळची मीटिंग अर्ध्या तासाने अलीकडे ओढली. एचआरच्या मॅडमनी मोबाइलवर अर्थ बघितला, 'इतरांना खूश करण्यास तत्पर', आणि त्या केक मागवायच्या तयारीत आहेत.

स्पेलिंगमध्ये एल नंतर ए, आय, एस असंच आहे, चष्मा लावून बघितलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवायचंय. हे कौतुक धरायचं की टोमणा? आणि साहेबांना मराठीत समजावताना कोणता शब्द वापरू?

तिखट_रस्सा
केक आधी कापून घ्या, अर्थ नंतर बघू.

मेनरोडचे_मास्तर
डिस्पॅचवाले, स्पेलिंग नीट बघितलंत ते उत्तम. टायपिंगची चूक नाही. त्या वयाचा इंग्रज हा शब्द चुकून लिहीत नाही.

'कम्प्लायन्ट'चं घराणं वेगळं, ते 'पुरं करणं' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाकडून आलंय, ते बाजूला ठेवा. उरलेले दोघे मात्र सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये 'प्लाकेरे' म्हणजे आवडणं, खूश करणं. त्याला 'कॉम' जोडून 'कॉम्प्लाकेरे'. त्यातला एक इंग्रजीत थेट लॅटिनमधून आला, तो कम्प्लेसन्ट, स्वतःवरच खूश असलेला. दुसरा सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला, तो कम्प्लेझन्ट, समोरच्याला खूश ठेवणारा, त्याच्या म्हणण्याला मान तुकवणारा. उच्चारात फरक फक्त स आणि झ चा, त्यामुळे इंग्रजसुद्धा गोंधळतात. आपण रोज म्हणतो ते 'प्लीज' याच कुळातलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. शब्द आला तेव्हा तो कौतुकाचाच होता. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५१ साली माणसांनी एकत्र राहण्याचे जे नियम मांडले, त्यात पाचवा हाच: प्रत्येकाने इतरांशी जुळवून घ्यायचा प्रयत्न करावा. त्याने दाखला गवंड्याचा दिलाय. जो दगड वेडावाकडा आहे, इतरांची जागा अडवतो आणि घडवताही येत नाही, तो गवंडी बाजूला टाकतो. अठराव्या शतकात चारचौघांत वागायची रीत ज्याला येते त्याला हे विशेषण लावत. पुढे रंग उतरत गेला. आज कुणी म्हटलं तर त्यात 'जरा जास्तच' हा सूर असतो. तुमच्या ओळीत तर तो सूर शब्दांतच लिहून दिलाय.

गोदाकाठची
मास्तर, कूळकथा छान. पण त्या हॉब्जच्या भिंतीत घडवून घेतलेला दगड कोण होता ते पण बघायला हवं. आमच्या घरी तो दगड मी होते.

पंचवटीत सासर. २०१५ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या आधीपासून पाहुणे उतरायला लागले. सासऱ्यांच्या चुलतभावाच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांना आमचं घर 'गंगेच्या जवळ' म्हणून आठवलं. गॅलरीत ओली धोतरं, बाथरूमला रांग, आणि मी ओट्याशी. एकजण म्हणणार, 'सूनबाई, माझा बिनसाखरेचा हं', की दुसरं पातेलं. दुसऱ्या काकूंचा उपास, की साबुदाणा भिजवलेला आहे का बघा. नसेल तर वरी टाका. तिसऱ्यांना पहाटे चारला उठवायचं, कारण त्यांना गर्दीच्या आधी बुडी मारायची. माझ्या तोंडून 'हो, करते' याशिवाय शब्द नाही. सासूबाई शेजारच्यांना कौतुकाने सांगायच्या, 'आमची सून फार भिडस्त.'

त्याच दिवसांत माझा नवरा त्याच्या साहेबाच्या गावाकडची मंडळी रामकुंडावर नेऊन आणत होता. ऑफिसात त्याला काय म्हणत होते ते इथे लिहीत नाही, पण भिडस्त नक्की म्हणत नव्हते. पुढे त्याला बढती मिळाली. मला कंबरदुखी.

म्हणून सांगते, मराठीत एक शब्द सापडत नाहीये याचं कारण हे आहे. आपण शब्द लावण्याआधी बघतो की या गोडव्यातून कुणाच्या पदरात काय पडलं. ज्याचं नुकसान होतं तो भिडस्त, ज्याचा फायदा होतो तो लाळघोट्या. तुमचा इंग्रजी शब्द त्याबद्दल तोंडच उघडत नाही.

(पुढच्या सिंहस्थाला मी माहेरी धुळ्याला असणार आहे. सर्व नातेवाइकांनी नोंद घ्यावी.)

तिखट_रस्सा
गोदाकाठची ताई, दंडवत.
आमची आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. आता कळलं कुणाला उद्देशून म्हणायची.

निफाडचा_बागाईतदार
आमच्याकडचा अनुभव लिहितो, मास्तरांनी निवाडा करावा.

द्राक्षाच्या मण्यांत गोडी उतरायला लागली की व्यापारी बांधावर हजर. 'दादा, अशी बाग अख्ख्या शिवारात नाही.' आईच्या पाया पडणार, पोराच्या हातात पेढ्याचा पुडा. घडातला एक मणी तोडून तोंडात टाकणार आणि डोळे मिटून उभा राहणार, असा की देवळातच उभाय. भावात घासाघीस करत नाही. आपण म्हणू तो भाव, 'तुमचा शब्द मोडायचा नाही दादा.' इसार थोडा देतो, बाकीचे खुडा झाल्यावर. शेवटचं क्रेट गाडीत चढेपर्यंत फोन पहिल्या रिंगला उचलतो. गाडी रस्त्याला लागली की फोन लागत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मालाचे पैसे एकाकडे अजून आहेत.

आपल्या भाषेत ही लाडीगोडी. याला तो शब्द बसतो का?

मेनरोडचे_मास्तर
नाही बसत. आणि हा फरक डिस्पॅचवाल्यांनी लक्षात घ्यावा असाच आहे.

तुमचा व्यापारी चालून आला होता. मनात बेत पक्का, त्यासाठी गोड बोलणं. त्याला इंग्रजीत 'इन्ग्रेशिएटिंग' म्हणतात. त्याहून खाली उतरून, पाठ वाकवून, साहेबाची पिशवी धरणारा तो 'ऑब्सीक्विअस'. त्याच्या मुळाशी 'मागे मागे जाणं' आहे, 'सीक्वेन्स' आणि 'सीक्वेल'मध्ये तेच मूळ दिसतं. गंमत म्हणजे तोही सुरुवातीला निव्वळ आज्ञाधारक होता, बदनाम नंतर झाला. कम्प्लेझन्ट माणूस कुणाच्या मागे जात नाही, कुणाच्या बांधावरही जात नाही. त्याला विचारलं की तो 'बरं' म्हणतो, एवढंच. बहुतेक वेळा समोरच्याचा हिरमोड बघवत नाही म्हणून.

गोदाकाठच्या ताईंचा मुद्दा मला अर्धा पटतो. भिडस्त माणूसही काहीतरी मिळवत असतो. चांगुलपणाचं नाव मिळतं, भांडण टळतं. सगळं नुकसानच होत असतं तर इतकी माणसं भिडस्त राहिली नसती.

गोदाकाठची
भांडण टळतं हे खरं. पण नाव? नाव सासूबाईंचं झालं, 'बघा कशी सून मिळवली'.

कॉलेजरोडचा_खलाशी
सध्या घरी सुट्टीवर आहे म्हणून लिहायला वेळ मिळाला.

हा शब्द आम्हाला जहाजावर फ्रेंच बाजूने भेटतो. मालक एका देशाचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपले, आणि पाठीमागे झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा. कर कमी, नियम सैल. इंग्रजीत त्याला 'सोयीचा झेंडा' अशा अर्थाचं नाव आहे, फ्रेंच मात्र 'पाव्हियाँ द कॉम्प्लेझान्स' म्हणतात. मर्जी राखण्यासाठी दिलेला झेंडा. ओळखीच्या डॉक्टरने, आजार नसताना, सुट्टीसाठी लिहून दिलेला दाखला असतो ना, त्यालाही फ्रेंचमध्ये 'सेर्तिफिका द कॉम्प्लेझान्स' म्हणतात. आणि इंग्रजीत 'कम्प्लेझन्ट हजबंड' म्हणजे बायकोचं बाहेर काय चाललंय ते माहीत असून गप्प बसणारा नवरा.

तिन्हीकडे एक गोष्ट दिसते. समोरच्याला बरं वाटावं म्हणून खरं बाजूला सारलंय. मला वाटतं तो म्हातारा तुम्हाला हेच सांगतोय. डिस्पॅचवाले, तारखा ठरल्या तेव्हा खोलीत नक्की काय झालं ते आठवून सांगा, अर्थ तिथे सापडेल.

अवांतर: खुशामतही अशीच घसरलेली. मूळ फारसी, 'खुश आमद', म्हणजे छान झालं आलात. बंदर अब्बासला अजूनही 'खोश आमदीद' म्हणून स्वागत करतात, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याची चमचेगिरी झाली. बिचारं स्वागत!

तिखट_रस्सा
त्या नवऱ्याला मराठीत काय म्हणतात ते मला माहितीये, पण लिहिलं तर प्रतिसाद उडेल.

सीबीएसची_केमिस्ट
मास्तर, एक शंका. 'प्लाकेरे' वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. आमचा 'प्लासिबो' त्यातलाच का?

मेनरोडचे_मास्तर
त्यातलाच, आणि त्याची गोष्ट या धाग्यावर सांगायलाच हवी.

'प्लासिबो' म्हणजे 'मी खूश करीन'. मध्ययुगीन युरोपात मेलेल्याच्या नावाने संध्याकाळची जी प्रार्थना होई, तिची सुरुवात या शब्दाने होती. 'जिवंतांच्या भूमीत मी प्रभूला खूश करीन' असं ते वचन. मयताच्या घरी खायला-प्यायला मिळे. मग ज्यांचा मेलेल्याशी काडीचा संबंध नाही असे लोकही येऊन आवाज लावू लागले. त्यावरून 'प्लासिबो गाणं' म्हणजे खुशामत करणं असा वाक्प्रचार झाला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने तर एका होयबा सल्लागाराचं नावच प्लासिबो ठेवलं. त्याचा भाऊ म्हातारपणी कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालाय, आणि हा म्हणतो, दादा, तू म्हणतोस तेच शहाणपणाचं.

वैद्यकात शब्द शिरला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८११ च्या एका इंग्रजी वैद्यककोशात अर्थ दिलाय तो असा: रुग्णाला बरं करण्यापेक्षा त्याला खूश करायला दिलेलं औषध. साखरेची गोळी आणि साहेबाला 'वा वा' म्हणणारा, दोघं एकाच दुकानातले.

सीबीएसची_केमिस्ट
काय सांगता! मयताच्या जेवणावरून?
बाकी 'काहीतरी ताकदीचं द्या' म्हणत काउंटरवर येणारे रोज असतात. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात, आणि तिथे त्यांना रंगीत बाटली मिळते. नाही म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं हे पण लिहून ठेवा कुठेतरी.

गावगुंड_नव्हे
इतके दिवस वाचनमात्र होतो. एवढा काथ्याकूट कशाला? पीपल प्लीजर म्हणा आणि सोडून द्या. आजकाल सगळे समुपदेशक तेच म्हणतात. लहानपणी आईबाप रागीट असले की पोरं अशी होतात.

गोदाकाठची
माझे आईबाप अजिबात रागीट नव्हते हो. मला फक्त 'पाहुण्यांसमोर नाही म्हणायचं नसतं' एवढं शिकवलं होतं. तसं शिकवलेल्या मुली तुम्हाला या नाशकात दर दुसऱ्या घरी सापडतील. त्या सगळ्यांना समुपदेशकाकडे पाठवणार का? त्यापेक्षा पाहुण्यांना हॉटेलात पाठवलेलं स्वस्त पडेल.

मेनरोडचे_मास्तर
'पीपल प्लीजर'मध्ये सवय सांगितली जाते, नातं सांगितलं जात नाही. 'लांगूलचालन' बघा, म्हणजे शेपटी हलवणं. भर्तृहरीने नीतिशतकात कुत्रा आणि हत्ती समोरासमोर उभे केलेत. भाकरी टाकणाऱ्यापुढे कुत्रा शेपटी हलवतो, पायाशी पडतो, जमिनीवर लोळून तोंड आणि पोट दाखवतो. हत्ती मात्र शांतपणे बघतो आणि शंभरदा आर्जवं केल्यावर खातो. या श्लोकात भाकरी कुणाच्या हातात आहे ते आधी कळतं. इंग्रजीतलं 'फॉन' हे क्रियापदही कुत्र्याच्या शेपटीवरूनच खुशामतीकडे आलं, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता आनंदणं होता. पीपल प्लीजर म्हटलं की भाकरी देणारा दिसेनासा होतो. सगळा दोष शेपटीचा.

तिखट_रस्सा
मास्तर आज फॉर्मात.
माझ्याकडून डिस्पॅचवाल्यांना शब्द: नंदीबैल. काहीही विचारा, मान हलणार.

कॉलेजरोडचा_खलाशी
नंदीबैलाची मान ढोलकीवाला हलवतो. इथे ढोलकीवाला कोण?

डिस्पॅचवाला
मंडळी, कालपासून सगळं वाचतोय. खलाशीसाहेबांनी विचारलं म्हणून आठवून लिहितो.

तारखा ठरवायला कॉन्फरन्स रूममध्ये बसलो होतो. पाहुणे प्रत्येक पार्टचं नाव वाचायचे आणि विचारायचे, 'वुड द ट्वेंटिएथ सूट यू?' आमचे साहेब: 'शुअर सर, नो प्रॉब्लेम.' पुढचा पार्ट. 'अँड धिस वन, अ वीक अर्लिअर?' साहेब: 'शुअर, शुअर.' पाहुणे पेन्सिलीने वहीत बारीक टिंब काढायचे. मी टेबलाखालून साहेबांना पाय लावला तर त्यांनी खुर्ची मागे घेतली.

आणि त्याआधी तासाभरापूर्वी आम्ही पाहुण्यांना शॉपमधून फिरवलं होतं. ब्रोचिंग मशीन उघडं पडलेलं, हायड्रॉलिक पंप खाली काढून पुठ्ठ्यावर ठेवलेला, मेंटेनन्सचे दोघं त्याच्याशी बसलेले. पंपाचं सील मुंबईहून यायचं होतं. पाहुणे तिथे दोन मिनिटं थांबले, काही बोलले नाहीत. ज्या पार्टला आठवडा अलीकडची तारीख दिली, तो त्याच मशीनवर होतो.

म्हणजे त्यांनी सगळं बघितलं होतं.

कॉलेजरोडचा_खलाशी
झालं. टोमणा आहे आणि सल्लाही आहे, आणि सभ्यपणे दिलाय. 'तुम्ही खोटं बोलताय' असं त्याला लिहायचं नव्हतं, कारण तुमचे साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना फक्त पाहुण्याला नाराज करायचं नव्हतं. त्या वागण्याला हाच शब्द बरोबर आहे.

गोदाकाठची
आणि नुकसान कुणाचं? तारीख साहेबांनी दिली, रात्रपाळीला थांबणार डिस्पॅचवाले. साहेब गोड आणि भीड दुसऱ्याच्या जिवावर. याला मराठीत शब्द नसेल तर नवा काढा.

सीबीएसची_केमिस्ट
'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' चालेल का?

गोदाकाठची
अगदी तेच!

मेनरोडचे_मास्तर
साहेबांना हे म्हणून दाखवू नका मात्र. त्यांना सांगायचं तर असं सांगा: 'सर, ते म्हणतायत आपण कुणाचा शब्द मोडत नाही, म्हणून आपल्या शब्दावर त्यांना भरवसा ठेवता येत नाही.' यात लाळघोटेपणा नाही, होयबा नाही, कुणाला लागणार नाही. उत्तरात आभार मानून सरळ खऱ्या तारखा द्या, मशीनचं नाव घालून. इंग्रज माणूस कारणापेक्षा तपशिलाला जास्त मानतो असा माझा अनुभव.

डिस्पॅचवाला
मास्तर, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, 'पण पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं हो?' मी म्हटलं, तोंडावर नको, मेलवर म्हणू. त्यावर हसले.

शुक्रवारी उत्तर गेलं. ब्रोचिंगच्या पार्टची तारीख पुढे ढकलली, कारण लिहिलं, सील कधी येणार तेही लिहिलं. बाकीच्या तारखा तपासल्या तर आणखी एक पुढे न्यावी लागली. आज त्यांचं उत्तर आलंय. दोन्ही मान्य, आणि दर महिन्याला मशीननिहाय कपॅसिटीचा तक्ता पाठवा म्हणतात. म्हणजे एक काम वाढलं. ते कोण करणार हे सांगायला नको.

सगळ्यांचे मनापासून आभार.

निफाडचा_बागाईतदार
अभिनंदन डिस्पॅचवाले. तुमच्या म्हाताऱ्यासारखा एखादा आमच्या बांधावर पाठवा.

मास्तर, जाता जाता विचारतो, त्या व्यापाऱ्याला नोटीस पाठवायची तर मराठीत चालते का? आमच्या गावातला एकजण म्हणतो इंग्रजीत पाठवली की वजन पडतं.

मेनरोडचे_मास्तर
मराठीत खुशाल पाठवा. वजन भाषेचं नसतं, कागदांचं असतं. काट्याच्या पावत्या, क्रेटचा हिशोब, इसार घेतल्याची नोंद, आणि 'देतो, देतो' म्हटलेले मोबाइलवरचे मेसेज असतील तर तेही काढून ठेवा.

तिखट_रस्सा
बागाईतदार, पेशाने वकील आहे. इथे चेष्टा करतो म्हणून कुणी विचारत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पावत्यांचे फोटो पाठवा.